दातिवऱ्याच्या वाळूतला हात

निवृत्त झालेली माणसं काशीला जातात, चारधाम करतात, नाहीतर मुलाकडे परदेशी जाऊन थंडीत कुडकुडत नातवंडं सांभाळतात. मी बोईसरला जाऊन आले. निघताना सांगलीत शेजारच्या वहिनींनी विचारलं, "बोईसरला काय आहे हो बघायला?" मी म्हटलं, "एक हात आहे." त्यांना वाटलं, एखादं जागृत ठाणं असेल. त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि देवीपुढे फोडायला माझ्याजवळ नारळ दिला. तो नारळ पुढे कालवणात पडला. देवीनं मनावर घेतलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी जन्मभर न्यायवैद्यक शिकवलं. माणूस कशानं मेला, कधी मेला, आणि मुळात हा तोच माणूस का, हे पोलिसांना आणि कोर्टाला सांगायचं शास्त्र. माझी नातवंडं त्याला 'आजीचं भुतांचं खातं' म्हणतात. तरुणपणी हा विषय घेतला तेव्हा माझा थाट बघण्यासारखा होता. पहिल्या शवविच्छेदनाला कडक इस्त्रीची सुती साडी नेसून मी सगळ्या मुलांना बाजूला सारून पुढे उभी राहिले, आणि सगळ्यांत आधी आडवी झाले. शुद्धीवर आल्याआल्या "कँटीनचे पोहे शिळे होते" असं ठणकावून सांगितलं. त्या पोरीला आज रस्त्यात भेटले तर मी ओळख दाखवणार नाही.

तर, माझी जुनी विद्यार्थिनी डॉ. सुचिता आता पालघरच्या बाजूला सरकारी नोकरीत आहे. तिचा फोन आला. "मॅडम, दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर वाळूतून एक हात निघालाय. माझ्याकडे अभिप्रायाला आलाय. सगळे म्हणतात माणसाचा. मला काहीतरी खटकतंय, पण काय खटकतंय ते सापडत नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. दातिवरे हे वैतरणेच्या मुखाजवळचं कोळ्यांचं गाव. तिथला हरेश नावाचा खलाशी शिमग्यानंतर घर सोडून गेला. जाण्याआधी त्याचं थोरल्या भावाशी, नारायणशी, भर बंदरावर कडाक्याचं भांडण झालं होतं. नारायण त्यांच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य. पावसाळ्यात समुद्रानं किनाऱ्याची वाळू ओरबाडून नेली आणि हिरव्या लुगड्यात गुंडाळलेला, कुंकवाचे डाग पडलेला हा हात वर आला. कुणा खाजगी डॉक्टरनं मोबाइलवरचा फोटो बघून "माणसाचाच" म्हटलं. बाकीचं गावानं म्हटलं. नारायणला रोज ठाण्यात हजेरी लागली. बोटींचा हंगाम तोंडावर आलेला, पण त्याला समुद्रात जायची बंदी. हरेशच्या बायकोनं, प्रमिलानं, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. आणि हरेशला शोधायचं कामच थांबलं. जो सापडला त्याला कोण शोधणार? डीएनएची तपासणी व्हायची होती, पण तिथली रांग मोठी.

"येते," मी म्हटलं.

बोईसर

स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "माताजी, नाक पर पल्लू रख लो. दो दिन में आदत हो जाएगी." मी उलट नाक वर केलं. तरुणपणी मी विष वासावरून ओळखते अशी ख्याती होती. ती मीच पसरवली होती. कारखान्यांच्या बाजूनं येणाऱ्या त्या वाऱ्यात मी वाटभर एकेक रसायन ओळखत गेले आणि सुचिताच्या घराच्या जिन्यात तर एकदम थबकून म्हटलं, "इथे अमाइनसारखं काहीतरी गळतंय." सुचिताचा नवरा कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. तो अत्यंत अदबीनं म्हणाला, "मॅडम, खालच्या मजल्यावर सुके बोंबील भाजतायत."

संध्याकाळी तेच बोंबील आमच्याही ताटात आले. तव्यावर कुरकुरीत करून, वर लसूण-मिरची, सोबत तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, जाड, दोन्ही हातांनी मोडायची. इथली तांदळाची भाकरी पदरासारखी मऊ, घडी घालून पिशवीत ठेवता येईल अशी. मी चार वेळा मागितली, आणि चारही वेळा 'जराशी' असं म्हटलं.

सुचिताचं संशोधन दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. तारापूरच्या खाडीकडे एका ओळखीच्यांच्या वाडीत आणि थोडं पुढे भरतीच्या रेषेजवळ तिनं बकऱ्याचे पाय पुरून ठेवलेत. काही कोरड्या वाळूत, काही ओल्या, काही खाडीच्या चिखलात. ठरावीक काळानं ती एकेक वर काढून बघते. आमच्या पुस्तकांतली हाडं काळ्या मातीत किंवा परक्या थंड मुलखात कुजलेली. खाऱ्या वाळूत, भरती-ओहोटीच्या रंध्याखाली हाड किती लवकर पांढरं पडतं आणि किती फसवतं, हे पालघरच्या किनाऱ्यावर कुणी नीट पाहिलेलंच नाही. भरतीच्या रेषेवरचं हाड थोड्याच महिन्यांत असं गुळगुळीत होतं की बघणारा म्हणेल, वर्षं झाली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. आमच्या काळी संशोधन म्हणजे लांबलचक शीर्षक. माझ्या पहिल्या निबंधाचं शीर्षक वाचून होईपर्यंत सभागृहाचा चहा येऊन गेला होता.

"फक्त एक अडचण आहे," सुचिता म्हणाली. "कुत्री."

"आणि खाटीक," तिचा नवरा म्हणाला. "तो मला विचारतो, साहब, इतना पाया आपके घर में कौन पीता है? आता मी सूप पितो असंच सांगतो. खरं सांगितलं तर पोलीस बोलावेल."

पालघर

रुग्णालयाच्या एका खोलीत, शिपायासमोर, मोहोरबंद पाकीट उघडलं. तपास करणारे इन्स्पेक्टर स्वतः आले होते. बीडकडचे, सावळे, कमी बोलणारे. मला बघायची परवानगी त्यांनी दिली, पण एका अटीवर: बाईंनी फक्त बघायचं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. निवृत्त माणसानं पुराव्याला शिवायचं नसतं हे मला मान्य आहे. माझ्या बोटांना मान्य नव्हतं.

खरंच हातच होता. पाच बोटं, मनगटाची बारीक हाडं, वाळक्या तंतूंनी एकमेकांना धरून ठेवलेली. कुणालाही माणसाचाच वाटावा असा.

तरुणपणची मी तिथे असते तर चष्मा कपाळावर चढवून 'निश्चितच' म्हणाले असते. हा माझा फार लाडका शब्द. एकदा कोर्टात मला साक्षीच्या पिंजऱ्यात उलटतपासणीला घेतलं. वकिलानं सहज विचारलं, "मॅडम, आज वार कोणता?" मी मान ताठ करून म्हटलं, "निश्चितच मंगळवार." बुधवार होता. न्यायाधीशांनी रुमालात तोंड लपवलं.

तेव्हा या वेळी मी काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं. "सुचिता, स्वतःचा हात शेजारी धर. मधल्या बोटाचं शेवटचं हाड बघ. माणसात त्याचं टोक कसं असतं?"

"पसरट. फावड्यासारखं. वर नख बसतं ना."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे काय, बोट संपतं."

"इथे?"

ती वाकली. भिंग घेतलं. बराच वेळ वाकूनच राहिली. मला तिच्या मानेच्या मागच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, आणि मी माझ्या जिभेला दाताखाली धरून ठेवली होती. शिकवणाऱ्यांना हा छळ ठाऊक असेल.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "हे संपत नाहीये. या टोकालाही सांध्याचाच भाग आहे. याच्या पुढे आणखी हाड होतं. ते गळून पडलंय." मग ती सरळ उभी राहिली. "माणसाच्या बोटात तीन हाडं. इथे तीन दिसतात म्हणून सगळे फसले. ही तीन उरलेली आहेत, सगळी नाहीत."

"आणखी काय बघशील?"

"एक्स-रे," ती म्हणाली आणि तंत्रज्ञाला हाक मारायला निघालीसुद्धा.

माणसाच्या हाडांत आत पोकळी असते, मज्जेची. काळ्या फिल्मवर ती स्पष्ट दिसते. या हाडांत पोकळी नव्हती. आतून सगळं स्पंजासारखं भरीव. तसली हाडं पाण्यात राहणाऱ्या, पण आपल्यासारखं श्वास घेणाऱ्या प्राण्याची. डॉल्फिनचा जो पोहायचा पंख आपण फोटोत बघतो ना, तो वरून वल्ह्यासारखा दिसतो. कातडं काढलं की आत पाच बोटांचा हात निघतो. मधल्या बोटांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेरं. निसर्गानं एकच साचा सगळीकडे वापरलाय, आणि तो बघून भल्याभल्यांची झोप उडते.

सुचितानं इन्स्पेक्टरांना एकेक गोष्ट दाखवली. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, शेवटी कापत नव्हता. "हा हात माणसाचा नाही. मी लेखी देते."

इन्स्पेक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून नीट पाहिली. "पटलं," ते म्हणाले. "पण मला एक सांगा. माशाला लुगडं कोण नेसवतं? कुंकू कोण लावतं? मला तर उलट शंका येते. कुणीतरी आमची दिशाभूल करायला जनावराचं हाड लुगड्यात बांधून पुरलं असेल. म्हणजे खरं प्रेत दुसरीकडे."

माणूस बरोबर बोलत होता. हात कुणाचा नाही हे शास्त्रानं सांगितलं होतं. लुगडं कुणाचं हे फिल्मवर दिसत नाही.

"तोवर नारायणची हजेरी चालू राहील," ते म्हणाले.

मी विचारलं, "मी दातिवऱ्याला जाऊन आले तर चालेल? मला तिथलं मासळीचं जेवण जेवायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जेवायला जा. तपास करू नका."

"माझं आता वय जेवायचंच आहे," मी म्हटलं.

दातिवरे

पालघरजवळचं माहीम, मग केळवे, एडवण करत रस्ता समुद्राच्या कडेकडेनं जातो. दोन्हीकडे वाड्या. पानवेलींचे हिरवे मांडव, केळी, मधेच सुरूच्या झाडांची रांग आणि रांगेच्या फटीतून राखाडी समुद्र. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा. ती पूर आला तरच घरात येते. इथे समुद्र रोज दोनदा दारापर्यंत येऊन बघून जातो, आणि लोक त्याच्याकडे बघून दिवस ठरवतात. नारळी पौर्णिमा जवळ आलेली. बंदरावर बोटी रंगवून तयार होत्या, जाळी दुरुस्त होत होती, पोरं बोटींच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पताका बांधत होती. एकच बोट रंगाविना उभी होती. ती नारायणची.

घरात हरेशची आई हिराबाय दारातच बसली होती. माझ्याच वयाची, माझ्या दुप्पट ताकदीची. सुचिताला ती ओळखत होती. माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "ही कोन?"

"माझ्या बाई. मला शिकवलेल्या."

"डाक्टरीन?"

"होते," मी म्हटलं. "आता नुसती म्हातारी."

"मंग बस बाय. खुर्ची नाय लागत ना तुला?"

खुर्ची मला लागते, पण मी खाली बसले. बसताना गुडघ्यांनी जो आवाज केला तो ऐकून हिराबाय पहिल्यांदा हसली.

प्रमिलानं जेवायला वाढलं. सुक्या जवळ्याची चटणी, भात, आणि आमच्या वहिनींचा नारळ वाटून केलेलं कालवण. तिची मनगटं मोकळी होती. नारायण ओटीवर जाळ्याची दोरी हातात घेऊन बसला होता, पण गाठ मारत नव्हता.

जेवण झाल्यावर सुचितानंच सांगितलं. "ताई, तो हात माणसाचा नाही. मी लिहून दिलंय. तो मोठ्या माशाचा आहे, डॉल्फिनचा."

प्रमिलाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग सुचिताकडे. "खरं सांगताय?"

"मी कवापासून सांगतेय," हिराबाय म्हणाली, "तो माजा हरेश नाय."

"आई हायेत त्या," प्रमिला आम्हाला म्हणाली. "त्या असंच बोलनार. मी कशी धरू त्यांचं?"

मी तपास करायचा नव्हता. पण गप्पा मारायला कुणी मनाई केली नव्हती. मी म्हटलं, "हिराबाय, पोलिसांना एकच गोष्ट अडलीय. माशाला लुगडं कोण नेसवतं? त्यांना वाटतं, कुणीतरी मुद्दाम फसवलं. हे कळेपर्यंत नारायणची हजेरी सुटत नाही, आणि हरेशला शोधायलाही कुणी जात नाही. मी परकी, मला इथलं काही ठाऊक नाही."

ओटीवर नारायण उठला आणि पुन्हा बसला. हिराबायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी नेसवलं," ती म्हणाली.

"आई," नारायण म्हणाला.

"गप रे. आता किती दिवस?" ती माझ्याकडे वळली. "गेल्या थंडीत याच्या जाल्यात मेलेली आली. आमी तिला मारत नाय कदी. जाल्यात अडकून गुदमरली. किनाऱ्याला आनली तं बघितलं, बाईमानूस होती. पोटात पिल्लू होतं. भरल्या पोटाची बाय अशीच वाळूत टाकायची? उगडी? मी माजं हिरवं लुगडं आनलं. कुकू लावलं, ओटी भरली, नारळ ठेवला. सवाष्णीला जसं देतात तसं दिलं आनि सुरूखाली पुरलं."

"मग बोलला का नाहीत?"

नारायण बोलला. "जाल्यात डॉल्फिन आला तं बोट जप्त करतात असं बंदरावर सांगतात. जंगलखातं येतं. बोट गेली तं चार घरं बुडतील. मला वाटलं, तपासात कळंलच, हरेश नाय म्हनून. आपन कशाला तोंड उघडायचं?"

प्रमिलानं भांडं खाली ठेवलं. अगदी हळू. "म्हंजे मी बांगड्या काढल्या तवा तुमाला ठाव होतं."

"मी सांगितलं ना तुला, तो नाय," हिराबाय म्हणाली.

"तो नाय, एवडंच सांगितलं. का नाय, ते नाय सांगितलं. मला वाटलं, म्हातारीचं मन मानत नाय." कोणी तिच्याकडे बघेना. "तो तिकडं कुटं असंल जिता, आनि त्याला कोन बघत नाय. बोटीसाटी."

मी पुष्कळ साक्षी ऐकल्यात. इतक्या थोड्या शब्दांत इतका नेमका ठपका ठेवलेला ऐकला नव्हता. मग तिनं दोरीवरचं पातळ ओढून खांद्यावर घेतलं आणि दिराला म्हणाली, "उठा भाऊजी. चला ठान्यात. आईंना पन घ्या. लुगडं त्यांचंय."

कोळगाव

इन्स्पेक्टर त्या दिवशी कोळगावला जिल्हा मुख्यालयात बैठकीला गेले होते, म्हणून आम्ही सगळे तिकडे. सुचिताच्या छोट्या गाडीत चार बायका आणि नारायण. तो पुढे गुडघे छातीशी घेऊन बसला होता. मागे हिराबाय मधे. ती वाटभर माझा हात धरून होती, आणि वळण आलं की दाबत होती. गाडीत बसायची तिला भीती. समुद्रात चाळीस वर्षं गेली त्या बाईला पालघरच्या रस्त्यावरचे खड्डे मात्र मानवत नव्हते.

मुख्यालयाच्या त्या प्रशस्त इमारतीच्या पायऱ्यांवर इन्स्पेक्टर भेटले. मला बघून म्हणाले, "जेवलात?"

"जेवले. गप्पा झाल्या. त्या गप्पा तुमच्याकडे घेऊन आलेय."

हिराबायनं सगळं पुन्हा सांगितलं, उभ्यानं, न अडखळता. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आजी, पण माशाला ओटी?"

"मंग काय, रिकाम्या ओटीनं धाडू? तुजी आई धाडील?"

इन्स्पेक्टरांनी खाली पाहिलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग वन विभागाचे अधिकारी आले. अधिकाऱ्यांनी त्याचा जबाब घेतला. जाळ्यात चुकून अडकून मेलेला प्राणी पुरला, लपवून विकला नाही, हे समजून घेतलं, आणि एवढंच बजावलं की पुन्हा असं झालं तर ताबडतोब कळवायचं, दडवायचं नाही. बोटीचं नावही निघालं नाही. नारायणनं बराच वेळ श्वास सोडला नव्हता. तो सोडला तेव्हा मी शेजारी होते; मासळीचा वास आला आणि मला तो फार चांगला वाटला.

"जागा दाखव," इन्स्पेक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर अख्खं गाव जमलं. हात सापडला होता तिथे पोलिसांनी आधीच खणून पाहिलं होतं. पण समुद्रानं तो हात ओढून बराच खाली आणून टाकला होता. नारायण वर चढून सुरूच्या मुळांशी गेला आणि फावड्यानं रेघ मारली. खणायला लागले. हिरव्या लुगड्याचा उरलेला तुकडा आला. नारळाची करवंटी आली. मग बरगड्या. आणि मग, वाळू झटकून सुचितानं दोन्ही हातांनी उचललेली, लांब चोच असलेली कवटी. चोचीत बारीक, टोकदार दातांच्या रांगा.

गर्दी पुढे सरकली. महिनाभर ज्यांनी नारायणच्या घराकडे बघून आवाज खाली केला होता तीच ही माणसं. प्रमिला पुढे गेली. कवटीकडे तिनं निरखून पाहिलं.

"हरेशला एवडं लांब नाक नव्हतं," ती म्हणाली.

आधी एक म्हातारी हसली, मग सगळा किनारा. शिपाईसुद्धा हसला. इन्स्पेक्टरांनी नारायणच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "उद्यापासून हजेरी नाही. बोट रंगव." मी सुचिताकडे बघत होते. गुडघ्यापर्यंत वाळू, केस विस्कटलेले, हातात कवटी, आणि चेहरा असा की जणू विद्यापीठानं सुवर्णपदक दिलंय. विद्यापीठानं खरं म्हणजे दिलं होतं. ते घेताना मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती.

बोट रंगवायला सगळी आळी लागली. ज्यांनी बोलणं टाकलं होतं तेच ब्रश घेऊन आले. हिराबायनं त्यांना चहा दिला आणि चहाबरोबर टोमणेही दिले, दोन्ही कडक. एकाला म्हणाली, "ये बाबा, तुजं तोंड महिनाभर समुद्रात बुडालं होतं, वर आलं का?" तो निमूट रंग लावत राहिला.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हरेशचा शोध पुन्हा सुरू झाला. त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या बंदरांत फोन गेले, फोटो गेले. मला राहवेना, मी सांगलीला फोन करून मुक्काम वाढवला. मुलगा म्हणाला, "आई, तिथं काय करतेस?" मी म्हटलं, "बोटीला रंग देतेय." ते खोटं नव्हतं. नाळेवरच्या पांढऱ्या पट्टीचा वाकडा भाग माझा आहे.

पौर्णिमेला बोट पाण्यात गेली. सोन्याच्या वर्खाचा नारळ हिराबायनं सोडला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी गुजरातेतल्या एका बंदरावरून निरोप आला. हरेश तिथे दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. मोबाइल पाण्यात पडला म्हणून नवा घेतला, नंबर बदलला, आणि भावानं बंदरावर सगळ्यांसमोर अपमान केला म्हणून घरी कळवायचं नाही असं ठरवून बसला होता. पोलिसांनी त्याला "तुमचा हात सापडला" असं सांगितलं तेव्हा तो आपले दोन्ही हात बघत राहिला म्हणे.

वाणगाव

हरेश गाडीनं यायचा होता. गाव त्याला उतरवून घ्यायला जवळच्या सफाळे स्टेशनवर जाणार, हार-नारळ घेऊन. प्रमिला सुचिताच्या घरी बोईसरला आली आणि म्हणाली, "मला वाणगावला सोडाल का?"

"वाणगावला कशाला?"

"तो सफाळ्याला नाय उतरनार. तितं सगळे असनार. लाजंल. वाणगावला त्याच्या मामाचं घर हाय, हळूच उतरंल आनि दोन दिवस लपून बसंल. मी ओळखते त्याला."

म्हणून आम्ही तिघी दुपारी वाणगावच्या फलाटावर. वाणगाव हिरव्या मिरच्यांचं गाव. स्टेशनबाहेर हिरव्या आणि सुक्या लाल मिरच्यांचे ढीग, ते बघूनच माझ्या डोळ्यांत पाणी. प्रमिलानं वेळ फुकट घालवला नाही. मसाल्याला म्हणून दोन गच्च पिशव्या भरून सुक्या मिरच्या घेतल्या. तिच्या मनगटांत काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. मी विचारलं, "रडणार आहेस का? रुमाल देऊ?"

"कशाला? रडून झालं सगळं," ती म्हणाली. "आता त्याची पाळी."

पॅसेंजर आली. शेवटच्या डब्यातून, फलाटाच्या उलट्या टोकाला, एक काळा, उंच माणूस टोपी डोळ्यांवर ओढून उतरला आणि भिंतीच्या कडेनं चालू लागला. आम्हाला न बघता तो जवळजवळ पुढे गेला होता.

"हरेश," प्रमिलानं हाक मारली. ओरडून नाही.

तो जागीच थांबला. वळायला त्याला वेळ लागला. टोपी काढली. तिच्या बांगड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. काही बोलायला गेला आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

सुचितानं माझा दंड धरला. आम्ही दोघींनी आयुष्यभर ज्यांची ओळख पटवली ती माणसं कधी वळून बघत नाहीत. या माणसानं वळून पाहिलं होतं, आणि त्याचे डोळे भरले होते.

"हात दाखव," प्रमिला म्हणाली.

"काय?"

"हात. दोन्ही."

त्यानं पुढे केले. दोरानं घट्टे पडलेले, नखांत रंग अडकलेले, दोन्ही हात. तिनं ते पकडून उलटेसुलटे करून पाहिले, एकेक बोट, डॉक्टरांपेक्षा सावकाश. फलाटावरची माणसं बघत होती. तिला त्याचं काही नव्हतं. मग तिनं डोळ्यांवरून पदर एकदाच फिरवला, मिरच्यांच्या दोन्ही पिशव्या उचलून त्याच्या त्या हातांत दिल्या आणि म्हणाली, "चल. आई जेवायची थांबलीय."

ती पुढे, तो पिशव्या घेऊन मागे, आणि त्याच्या मागे आम्ही दोघी शिंकत.